विश्लेषण : रासायनिक अस्त्रे दहशतवाद्यांच्या हाती पडण्याचा धोका किती खरा?

सीरियाचे अध्यक्ष बशर अल असद ८ डिसेंबर २०२४ रोजी देश सोडून रशियाच्या आश्रयाला गेले आणि असद घराण्याची पाच दशकांची राजवट संपली. मागे राहिला तो या राजवटीने जगापासून दडवलेल्या रासायनिक अस्त्रांचा प्रश्न. साठे नेमके कुठे आहेत, त्यावर पहारा कोणाचा आहे आणि ती बनवणारे शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ आता काय करत आहेत, याची पूर्ण उत्तरे मिळालेली नाहीत. सीरियाच्या वाळवंटी भागात ‘आयसिस’चे गट अजून तग धरून आहेत आणि त्यांनी यापूर्वी रासायनिक हल्ले केलेले आहेत. त्यामुळे ही चिंता केवळ कागदावरची नाही. अशा संघटनांनी आजवर काय केले, त्यांना काय जमले नाही आणि भारताने यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

सीरियातील साठ्याचा प्रश्न काय आहे?

दमास्कसलगतच्या घौता भागात २१ ऑगस्ट २०१३ रोजी सरीन या विषारी रसायनाचा मारा झाला. शेकडो नागरिक मरण पावले, त्यात लहान मुलांची संख्या मोठी होती. अमेरिकेने लष्करी कारवाईचा इशारा दिल्यानंतर रशियाच्या मध्यस्थीने तोडगा निघाला आणि सीरियाने रासायनिक अस्त्रबंदी करार स्वीकारला. सुमारे १३०० टन रसायने देशाबाहेर काढून नष्ट करण्यात आली. त्यातील अतिघातक रसायने ‘केप रे’ या अमेरिकी जहाजावर भर समुद्रात निष्प्रभ केली गेली. या कामावर देखरेख करणाऱ्या ‘ओपीसीडब्ल्यू’ म्हणजे रासायनिक अस्त्रबंदी संघटनेला त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल मिळाले.

मात्र सीरियाने जाहीर केलेला साठा आणि प्रत्यक्षातील साठा यांचा मेळ कधीच बसला नाही. खान शेखून येथे ४ एप्रिल २०१७ रोजी पुन्हा सरीन वापरले गेले. संयुक्त राष्ट्रे आणि ओपीसीडब्ल्यूच्या संयुक्त चौकशी पथकाने त्यासाठी सीरियाच्या सरकारला जबाबदार धरले. डूमा शहरावर ७ एप्रिल २०१८ रोजी क्लोरीनचे सिलिंडर टाकण्यात आले, त्यात ४३ जणांचा मृत्यू झाला. ओपीसीडब्ल्यूच्या तपास पथकाने २०२३ मध्ये त्याचा ठपका सीरियाच्या हवाई दलावर ठेवला. असद यांच्या पाडावानंतर, रासायनिक अस्त्रांशी संबंध असू शकेल अशी शंभराहून अधिक ठिकाणे तपासावी लागतील, असा या संघटनेचा अंदाज समोर आला. असद सरकारने त्यातील मोजकीच जाहीर केली होती.

असद यांनी देश सोडताच इस्रायलने सीरियातील लष्करी तळांवर शेकडो हवाई हल्ले केले. ही अस्त्रे कट्टरपंथीयांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांच्याशी संबंधित ठिकाणेही लक्ष्य केल्याचे इस्रायलने उघडपणे सांगितले. पण बॉम्ब टाकून गोदाम उद्ध्वस्त झाले तरी आत काय होते आणि त्यातले आधीच काही हलवले गेले होते का, हे कळत नाही. परिसर दूषित होण्याचा धोका असतो आणि पुरावेही नष्ट होतात.

नव्या सरकारची भूमिका काय?

सीरियाची सूत्रे आता अहमद अल शारा यांच्या हाती आहेत. पूर्वी ते अबू मोहम्मद अल जोलानी या नावाने ओळखले जात. अल कायदाची सीरियातील शाखा मानली गेलेली ‘जबात अल नुस्रा’ त्यांनीच उभी केली होती. पुढे त्यांनी अल कायदाशी फारकत घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यांचे नाव निर्बंध यादीतून वगळले. जिहादी गटांच्या हाती रासायनिक अस्त्रे पडतील ही भीती जग एक दशकभर व्यक्त करत होते. आज ती नष्ट करण्याची जबाबदारी अशाच एका गटाच्या माजी म्होरक्यावर आली आहे.

आतापर्यंत नव्या सरकारने सहकार्याची भूमिका घेतली आहे. ओपीसीडब्ल्यूचे महासंचालक फर्नांडो आरियास यांनी ८ फेब्रुवारी २०२५ रोजी दमास्कसमध्ये शारा यांची भेट घेतली. त्यानंतर सीरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी या संघटनेच्या व्यासपीठावर उरलेली अस्त्रे नष्ट करण्याचे आश्वासन दिले. यामागे कारणही आहे. असद यांच्या रासायनिक हल्ल्यांचे बळी प्रामुख्याने बंडखोरांच्या ताब्यातील भागांतील लोक होते. तेच आज नव्या सरकारचे समर्थक आहेत. शिवाय निर्बंध उठवून घेण्यासाठी आणि पुनर्बांधणीला पैसा मिळवण्यासाठी शारा यांना जगाचा विश्वास हवा आहे. अडचण इच्छेची कमी आणि आवाक्याची जास्त आहे. देशाच्या सर्व भागांवर सरकारची पकड नाही, सुरुंग व न फुटलेले बॉम्ब जागोजागी आहेत आणि जुन्या राजवटीतील माहीतगार लोक परागंदा झाले आहेत.

रासायनिक अस्त्र नेमके कशाला म्हणतात?

विषारी रसायन मुद्दाम माणसांना मारण्यासाठी किंवा जायबंदी करण्यासाठी वापरले, की ते रासायनिक अस्त्र ठरते. करारातील व्याख्या रसायनाच्या नावापेक्षा वापराच्या हेतूवर भर देते. मस्टर्डने कातडीवर मोठे फोड येतात, डोळे आणि फुप्फुसे भाजून निघतात. सरीन आणि व्हीएक्स ही रसायने मज्जासंस्थेवर हल्ला करतात. क्लोरीन आणि फॉस्जीन श्वसनमार्ग जाळतात.

यातील क्लोरीनचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मस्टर्ड किंवा सरीनला नागरी जीवनात स्थान नाही. ती कोणाकडे सापडली तर हेतूबद्दल शंका उरत नाही. क्लोरीन मात्र पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी, कागद गिरण्यांत, प्लास्टिक आणि औषधांच्या कारखान्यांत रोज लागते. त्यामुळे करारातील नियंत्रित रसायनांच्या याद्यांमध्ये क्लोरीनचा समावेशच नाही. त्याचा अस्त्र म्हणून वापर करण्यास बंदी आहे, बाळगण्यास नाही. दहशतवादी संघटनांनी सर्वाधिक वेळा हात घातला तो याच रसायनाला.

आजवर कोणत्या संघटनांनी असे हल्ले केले?

याची सुरुवात भारताच्या शेजारी झाली. श्रीलंकेच्या पूर्व भागातील किरान येथील लष्करी छावणीवर ‘एलटीटीई’ने जून १९९० मध्ये क्लोरीन सोडले. हे क्लोरीन जवळच्या कागद कारखान्यातून आणलेले होते. साठहून अधिक सैनिक बाधित झाले. मात्र वारा फिरला आणि वायू हल्लेखोरांच्याच दिशेने गेला. एलटीटीईने पुढे या मार्गाचा फारसा अवलंब केला नाही. ज्या तमिळ जनतेच्या नावाने लढा चालला होता, तिचा आणि परदेशांतील तमिळांचा पाठिंबा गमावण्याची भीती हे त्यामागचे एक कारण अभ्यासक सांगतात.

दुसरे उदाहरण जपानमधील ‘ओम शिनरिक्यो’ या पंथाचे. शोको असाहारा याच्या या पंथाकडे भरपूर पैसा होता, विद्यापीठांत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते आणि माउंट फुजीच्या पायथ्याशी स्वतःचा कारखाना होता. जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात त्यांनी सरीन सोडले, त्यात आठ जणांचा बळी गेला. पोलीस छापा घालणार याची कुणकुण लागताच २० मार्च १९९५ च्या सकाळी टोक्योच्या भुयारी रेल्वेत पाच गाड्यांमध्ये सरीनच्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडण्यात आल्या. १३ जणांचा मृत्यू झाला, हजारो जणांना बाधा झाली. या हल्ल्यात अंथरुणाला खिळलेल्या एका महिलेचा २०२० मध्ये मृत्यू झाला आणि बळींची संख्या १४ झाली. असाहारासह १३ जणांना २०१८ मध्ये फाशी देण्यात आली.

तिसरे उदाहरण इराकचे. अल कायदाच्या इराकी शाखेने २००६ च्या अखेरीपासून २००७ च्या मध्यापर्यंत स्फोटकांनी भरलेल्या ट्रकमध्ये क्लोरीनच्या टाक्या ठेवून अनेक हल्ले केले. अन्बार प्रांतात १६ मार्च २००७ रोजी झालेल्या अशा तीन हल्ल्यांत सुमारे ३५० जणांना वायूची बाधा झाली. या संपूर्ण मालिकेतील बहुतेक मृत्यू मात्र स्फोटामुळे झाले, वायूमुळे नाही.

‘आयसिस’ने नेमके काय केले?

‘आयसिस’ने जून २०१४ मध्ये मोसुल जिंकले. त्याच महिन्यात बगदादच्या वायव्येकडील मुथन्ना हा सद्दाम हुसेन यांच्या काळातील रासायनिक अस्त्रांचा प्रचंड प्रकल्पही त्यांच्या ताब्यात गेला. तेथील दोन बंदिस्त भुयारांमध्ये सुमारे अडीच हजार जुन्या रासायनिक रॉकेटांचे अवशेष असल्याचे इराकने संयुक्त राष्ट्रांना कळवले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. पण ती रॉकेटे दोन दशके सडत पडली होती. वापरण्यापेक्षा हाताळणाऱ्यालाच धोका अधिक, अशी त्यांची अवस्था होती.

आयसिसला खरा उपयोग झाला तो माणसांचा. अबू मलिक हा मुथन्ना प्रकल्पात काम केलेला तंत्रज्ञ २००५ मध्ये अल कायदात गेला आणि पुढे आयसिसच्या रासायनिक कार्यक्रमात सामील झाला. २४ जानेवारी २०१५ रोजी मोसुलजवळ अमेरिकी आघाडीच्या हवाई हल्ल्यात तो मारला गेला. सद्दाम काळातील आणखी एक तज्ज्ञ सुलेमान अल अफारी याला अमेरिकेच्या विशेष दलाने २०१६ च्या सुरुवातीला पकडले. त्याच्याकडून मिळालेल्या माहितीवरून मोसुल परिसरातील ठिकाणांवर हल्ले झाले. मोसुल विद्यापीठाच्या प्रयोगशाळाही आयसिसने याच कामासाठी वापरल्याचे पुढे उघड झाले.

सीरियातील मारेआ येथे ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१५ मध्ये, तर उम्म हौश येथे सप्टेंबर २०१६ मध्ये आयसिसने मस्टर्ड वापरल्याचे आंतरराष्ट्रीय चौकशीतून सिद्ध झाले. सप्टेंबर २०१५ च्या मारेआ हल्ल्याबाबतचा ओपीसीडब्ल्यूचा निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळाने आला. इराकमध्ये किरकुकजवळच्या ताझा खुरमातू या गावावर ८ मार्च २०१६ रोजी रसायने भरलेल्या रॉकेटांचा मारा झाला. शेकडो गावकरी बाधित झाले आणि तीन वर्षांची एक मुलगी दगावली. ‘आयएचएस’ या विश्लेषण संस्थेने नोव्हेंबर २०१६ पर्यंत आयसिसने इराक आणि सीरियात किमान ५२ वेळा रसायने वापरल्याची नोंद केली होती. दहशतवादी संघटनेने स्वतः मस्टर्ड बनवून युद्धात वापरल्याचे हे पहिलेच उदाहरण मानले जाते.

मग बळींची संख्या कमी का?

हलबजा या कुर्दी शहरावर १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम यांच्या हवाई दलाने केलेल्या रासायनिक हल्ल्यात सुमारे पाच हजार माणसे मेली. दहशतवादी संघटनांच्या सर्व रासायनिक हल्ल्यांतील बळी एकत्र केले तरी त्या एका दिवसाच्या जवळपासही जात नाहीत.

याचे कारण विष मिळवणे आणि त्याचे अस्त्र करणे यातील अंतरात आहे. रसायन शुद्ध असावे लागते, साठवणुकीत टिकावे लागते, योग्य प्रमाणात पसरावे लागते आणि हवामानही साथीला असावे लागते. ओम शिनरिक्योकडे पैसा, वेळ आणि शिकलेली माणसे असूनही त्यांचे सरीन कमी प्रतीचे होते. आयसिसकडे तर एक शहर, विद्यापीठ आणि तेलाचा पैसा होता, तरीही त्यांचे मस्टर्ड सद्दाम यांच्या लष्करी दर्जाच्या जवळ पोहोचले नाही. हलबजासारखा संहार करण्यासाठी विमाने, कारखाने आणि प्रशिक्षित सैन्य लागते. ते सरकारांकडेच असते. दहशतवाद्यांच्या दृष्टीने बंदूक आणि स्फोटके स्वस्त, खात्रीची आणि अधिक प्राणघातक ठरतात. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यात दहा जणांनी १६६ जणांचे प्राण घेतले ते रायफली, ग्रेनेड आणि स्फोटकांनी.

तरीही धोका गंभीर का मानायचा?

कारण या अस्त्राचा परिणाम केवळ मृतांच्या आकड्याने मोजता येत नाही. टोक्योतील सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० रुग्ण आले. अनेक जण चालत, टॅक्सीने किंवा मिळेल त्या वाहनाने पोहोचले. कपडे बदलून अंग धुण्याची कोणतीही सोय दाराशी नव्हती. रुग्णांच्या कपड्यांतून बाहेर पडणाऱ्या वाफेने डॉक्टर आणि परिचारिकांनाच त्रास होऊ लागला. विष कोणते हे सुरुवातीला कळत नव्हते. मात्सुमोतोतील रुग्णांवर उपचार केलेल्या शिन्शू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लक्षणे ओळखून टोक्योला कळवले, त्याचा मोठा उपयोग झाला. रुग्णालयांत गर्दी केलेल्यांपैकी अनेकांना प्रत्यक्ष विषबाधा नव्हती, ते घाबरून आले होते. पण त्यांना वेगळे काढेपर्यंत यंत्रणा कोलमडायची वेळ आली.

इराकमधील परिणाम आणखी वेगळा होता. क्लोरीन बॉम्बच्या मालिकेनंतर २००७ मध्ये क्लोरीनच्या आयातीवर आणि वाहतुकीवर कडक निर्बंध आले. क्लोरीनचा साठा जॉर्डनच्या सीमेवर अडकून पडला. पाणी शुद्ध करायला क्लोरीन अपुरे पडू लागले आणि त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस किरकुक व सुलेमानिया भागात कॉलऱ्याची साथ सुरू झाली. ती पुढे बगदादपर्यंत पोहोचली. कॉलऱ्याला युद्धाने मोडकळीस आलेली पाणी व सांडपाणी व्यवस्थाही कारणीभूत होती. तरीही बॉम्बच्या भीतीने पाण्यातले औषध अडवले गेले, ही त्या हल्ल्यांची न मोजलेली किंमत होती. क्लोरीनवर सरसकट बंदी घालणे हा उपाय का होऊ शकत नाही, हेही त्यातून दिसले.

धोका आता कुठून संभवतो?

पहिला मार्ग कोसळलेल्या राजवटींच्या साठ्यांचा. सीरिया हे त्याचे ताजे उदाहरण आहे. दुसरा मार्ग तज्ज्ञांचा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर अमेरिका व युरोपने तेथील अस्त्रशास्त्रज्ञांना पगारी नागरी संशोधनात गुंतवून ठेवण्यासाठी पैसा खर्च केला होता. इराकमध्ये २००३ नंतर सद्दाम यांचे सैन्य आणि बाथ पक्षाची नोकरशाही एका फटक्यात मोडीत काढली गेली. बेकार झालेल्या अनेक अधिकाऱ्यांनी पुढे बंडखोरांची वाट धरली. आयसिसच्या रासायनिक कार्यक्रमाची मुळे त्या मनुष्यबळातही होती.

तिसरा मार्ग उद्योगांचा आहे. कारखाना, बंदर, रेल्वे यार्ड किंवा जलशुद्धीकरण केंद्रातून रसायन चोरणे किंवा तेथेच घातपात करणे हे नवे अस्त्र बनवण्यापेक्षा सोपे असते. असे असताना, धोकादायक रसायने बाळगणाऱ्या कारखान्यांना दहशतवादविरोधी सुरक्षा सक्तीची करणारा अमेरिकेचा कार्यक्रम जुलै २०२३ मध्ये संसदेने मुदतवाढ न दिल्याने बंद पडला.

चौथा मार्ग एकट्यादुकट्या माथेफिरूंचा. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये परदेशातील आयसिसच्या हस्तकाच्या सूचनेवरून विषारी वायू सोडणारे साधन बनवण्याचा कट उघड झाला. जर्मनीत कोलोन येथे २०१८ मध्ये एरंडाच्या बियांतील रिसिन हे विष बनवणाऱ्याला अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाली. दोन्ही कट वेळीच पकडले गेले.

कृत्रिम प्रज्ञेची भर यात कितपत पडते, यावरही चर्चा आहे. औषध संशोधनात वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय प्रणालीने उलट दिशेने काम करवल्यास सहा तासांपेक्षा कमी वेळात ४० हजार संभाव्य विषारी रेणू सुचवले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दाखवून दिले. पण पडद्यावर रेणू दिसणे आणि प्रत्यक्षात तो बनवून, टिकवून वापरता येणे यात टोक्यो आणि मोसुलमध्ये दिसलेले तेच अंतर आहे. ते अंतर कायम राहील असे मात्र कोणी गृहीत धरलेले नाही.

आंतरराष्ट्रीय करार पुरेसा आहे का?

रासायनिक अस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आला. १९३ देश त्याचे सदस्य आहेत. इस्रायलने सही केली पण करार मंजूर केलेला नाही. इजिप्त, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान बाहेर आहेत. सदस्य देशांनी जाहीर केलेली ७२ हजार टनांहून अधिक रासायनिक अस्त्रे नष्ट झाली आहेत. त्यातील अखेरचा साठा अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये केंटकीत नष्ट केला. निःशस्त्रीकरणाच्या क्षेत्रात इतके यश दुसऱ्या कोणत्याही कराराला मिळालेले नाही.

मात्र हा करार देशांसाठी आहे. दहशतवादी संघटना त्यावर सही करत नाहीत आणि तपासनीसांना दार उघडत नाहीत. ही फट बुजवण्यासाठी सुरक्षा परिषदेने २८ एप्रिल २००४ रोजी ठराव क्रमांक १५४० मंजूर केला. अण्वस्त्रे, जैविक आणि रासायनिक अस्त्रे बिगरसरकारी गटांना मिळू नयेत यासाठी कायदे करणे, साठे सुरक्षित ठेवणे आणि निर्यातीवर नियंत्रण आणणे त्यामुळे प्रत्येक देशाला बंधनकारक झाले. कायदे बऱ्याच देशांनी केले. अंमलबजावणी मात्र त्या त्या देशाच्या प्रशासनाच्या कुवतीवर अवलंबून राहिली.

दुसरी अडचण शिक्षेची आहे. सीरियाबाबतचे संयुक्त चौकशी पथक २०१७ मध्ये रशियाच्या नकाराधिकारामुळे बंद पडले. इराकमध्ये आयसिसच्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाचे काम सप्टेंबर २०२४ मध्ये इराकच्या आग्रहावरून संपले. ताझा खुरमातूसारख्या हल्ल्यांचे पुरावे या पथकाने जमवले होते, पण त्यावर खटले उभे राहण्याची वाट पीडित अजून पाहत आहेत. युक्रेन युद्धातही रशियावर घातक रसायने वापरल्याचे आरोप झाले आहेत, रशिया ते नाकारतो. सरकारेच नियम मोडून सुटत असतील, तर या अस्त्रांविषयीचा निषिद्धभाव कमी होतो आणि त्याचा फायदा दहशतवादी संघटनांना होतो.

भारताची स्थिती काय?

भारताने जानेवारी १९९३ मध्येच करारावर सही केली. आपल्याकडे मस्टर्डचा साठा असल्याचे जाहीर करून १०४४ टनांचा तो संपूर्ण साठा भारताने मार्च २००९ पर्यंत नष्ट केला. कराराच्या अंमलबजावणीसाठी २००० मध्ये कायदा झाला. महासंहारक अस्त्रांविषयीचा कायदा २००५ मध्ये आला आणि २०२२ मधील दुरुस्तीने अशा अस्त्रांसाठी पैसा पुरवणेही गुन्हा ठरले. रासायनिक निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘ऑस्ट्रेलिया ग्रुप’मध्ये भारत २०१८ मध्ये सामील झाला.

गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तिघांना अटक केली. त्यातील एक जण व्यवसायाने डॉक्टर असून रिसिन तयार करण्याचा त्याचा प्रयत्न होता, असा पथकाचा आरोप आहे. तो न्यायालयात सिद्ध व्हायचा आहे. जगात एरंडाचे सर्वाधिक उत्पादन भारतात आणि त्यातही गुजरातमध्ये होते. त्यामुळे कच्च्या मालावर पहारा ठेवून हा धोका रोखता येणार नाही. माहिती मिळवणे आणि वेळीच माग काढणे हाच त्यावरील मार्ग आहे.

मोठा प्रश्न उद्योगांचा आहे. विषारी वायू दाट वस्तीत सुटला तर काय होते, हे भोपाळने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री दाखवले. तेथे घातपात नव्हता. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात जुलै २०१० मध्ये क्लोरीनची गळती होऊन शंभराहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. गळती झाली ती कोणी न सोडवलेल्या, वर्षानुवर्षे बंदराच्या आवारात पडून राहिलेल्या सिलिंडरमधून. ते कोणाचे आणि तिथे का, याचा हिशेब इतकी वर्षे कोणी मागितला नव्हता. शहरात असे सिलिंडर बेवारस राहू शकतात, ही बाब सुरक्षेच्या दृष्टीनेही तेवढीच गंभीर आहे. चेंबूर, तळोजा, डोंबिवली, तारापूर, पाताळगंगा, लोटे आणि महाड या पट्ट्यांत रासायनिक कारखाने आणि वस्ती एकमेकांना खेटून आहेत.

राज्याची तयारी कशी आहे?

महाराष्ट्रात काही जमेच्या बाजू आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल म्हणजे ‘एनडीआरएफ’ची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. रासायनिक आपत्ती हाताळण्याचे प्रशिक्षण या दलाला दिले जाते. पुण्यातच दापोडी येथील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात आण्विक, जैविक आणि रासायनिक संरक्षणाचे शिक्षण मिळते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रासायनिक आपत्तींसाठी २००७ मध्ये आणि रासायनिक दहशतवादासाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

एक जमेची बाजू सहसा लक्षात येत नाही. सरीनसारखी रसायने ज्या गटात मोडतात, त्याच ऑर्गनोफॉस्फरस गटातील अनेक कीटकनाशके शेतात वापरली जातात. लक्षणेही मिळतीजुळती असतात आणि ॲट्रोपिन हे उपचारातील मुख्य औषधही तेच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. विदर्भ, मराठवाड्यातील सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांना अशा रुग्णांवर उपचार करण्याचा जो अनुभव आहे, तो अनेक महानगरी रुग्णालयांत नाही.

पण यवतमाळनेच उणिवाही दाखवल्या. विषबाधेचे रुग्ण आठवडे, महिने येत होते, तरी धोक्याची सूचना वरपर्यंत वेळेत पोहोचली नाही. रासायनिक हल्ल्यात हाच कालावधी मिनिटांचा असतो. एनडीआरएफचे पथक पोहोचेपर्यंत पहिला तास स्थानिक पोलीस, अग्निशमन दल आणि जवळचे रुग्णालय यांनाच निभावावा लागतो. रुग्णालयाच्या दाराशी रुग्णांचे कपडे काढून अंग धुण्याची सोय, कर्मचाऱ्यांसाठी संरक्षक पोशाख, ॲट्रोपिनचा पुरेसा साठा आणि वर्षातून किमान एकदा रंगीत तालीम या गोष्टी फार खर्चिक नाहीत. दहशतवादी हल्ला झाला नाही, तरी कारखान्यातील गळतीच्या वेळी त्या कामी येतात.

पुढे काय?

सीरियातील शोधमोहिमेला वेळ, पैसा आणि तेथील सरकारचे सातत्य लागेल. ठिकाणे तपासणे, नमुने घेणे, कागदपत्रे जुळवणे आणि जुन्या कार्यक्रमातील माणसांचा माग काढणे, अशी ही कामे आहेत. मुथन्नाच्या भुयारांतील अवशेषांचा कायमचा बंदोबस्त पूर्ण झाल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. सद्दाम यांचा पाडाव होऊन तोवर १५ वर्षे उलटली होती आणि मधल्या काळात तो प्रकल्प एकदा आयसिसच्या ताब्यात जाऊन आला होता. सीरियात इतका विलंब परवडणारा नाही.

आजवरच्या घटनांतून दिसते ते असे, की दहशतवाद्यांना रासायनिक अस्त्र शून्यातून उभे करणे फार कठीण जाते. त्यांचे काम सोपे होते ते इतरांच्या बेफिकिरीमुळे. पहाऱ्याविना राहिलेले गोदाम, वाऱ्यावर सोडलेला तज्ज्ञ किंवा कोणाच्याच नोंदवहीत नसलेला सिलिंडर त्यांच्या कामी येतो. आणि हल्ला झालाच, तर किती माणसे वाचतील हे जवळच्या रुग्णालयाची तयारी ठरवते. दमास्कसला जे काम शंभराहून अधिक ठिकाणी करायचे आहे, तेच लहान प्रमाणात प्रत्येक बंदराला, औद्योगिक वसाहतीला आणि महापालिकेला करावे लागेल. आपल्या हद्दीत कोणते रसायन, किती आणि कोणाच्या जबाबदारीवर आहे, याची चोख नोंद ही त्याची पहिली पायरी आहे.